चर्चचे मामा रिटायर होतायत, निरोप कसा द्यावा?

शाहूपुरीची पोरगी
सलाम सगळ्यांना. आमच्या चर्चचे सेवक, ज्यांना लहानथोर सगळे मामाच म्हणतात, ते जूनअखेर रिटायर होतायत. मी संडे स्कूलला जायला लागले त्याच्याही आधीपासून ते आहेत. घंटा, झाडलोट, बाकं, माईक, लग्न असलं की आदल्या रात्री मांडववाल्याबरोबर जागणं, कुणी वारलं की कबरस्तानात खणायला माणसं गाठणं, सगळं त्यांच्याकडं. प्रभुभोजनाचे ते छोटे पेले एकेक करून धुतात, उजेडाकडं धरून बघतात आणि मग पांढऱ्या कापडावर पालथे घालतात, कुणाला हात लावू देत नाहीत. २०१९ च्या महापुरात पाणी कंपाउंडमध्ये शिरलं तेव्हा बाप्तिस्म्याची आणि लग्नाची जुनी रजिस्टरं त्यांनी आधी वरच्या गॅलरीत नेली आणि मग घराकडं पळाले, तोपर्यंत त्यांचं धान्य आणि कपाट पाण्यात गेलं होतं.

पंचांच्या मीटिंगमध्ये ठरलंय शाल, फेटा, मोमेंटो, दोन भाषणं आणि उपासनेनंतर चहा. बाकी काय करायचं ते तरुण संघाने बघा म्हणालेत आणि ते काम माझ्याकडं आलंय. मला मनापासून वाटतंय की एवढ्यावर भागवू नये. बजेट फार नाही. कंपाउंडातली खोलीपण सोडावी लागणार आहे त्यांना. तुमच्याकडं कसं केलं, सांगा ना.

बावड्याचा दादा
फेटा बांधाच, कोल्हापुरात त्याशिवाय निरोप होत नाही. पण त्या रविवारी मामांना एक काम लावू नका, हे आधी पक्कं करा. नाहीतर सत्कार त्यांचा आणि खुर्च्या पण त्यांनीच मांडायच्या, हे मी बघितलंय. घंटा तरुण संघाच्या पोरांनी वाजवायची, मामा-मामींना पहिल्या बाकावर बसवायचं, पोरंसुना नातवंडं सगळ्यांना बोलवायचं. आयुष्यभर दाराशी उभं राहून उपासना ऐकली त्यांनी, एक रविवार बसून ऐकू देत. गीतं कुठली घ्यायची ते त्यांनाच विचारा, आमच्या सेवकांनी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक गीत सांगितलं होतं आणि पेटीवाल्याच्या आधी स्वतःच सुरू केलं. शेवटी पाळकांनी एकट्यानं आशीर्वाद देण्यापेक्षा बायबलातल्या गणना ६:२४ ते २६ या आशीर्वादाच्या ओळी सगळ्या मंडळीनं उभं राहून त्यांच्याकडं बघून म्हणा. याला एक रुपया लागत नाही.

हिशेबनीस काका
बाळा, समारंभ करा पण आधी पैशाचं बघा. ग्रॅच्युइटीचा विषय कमिटीत निघालाय का? १९७२ च्या कायद्यापासून चालत आलेलं सूत्र सोपं आहे, शेवटचा मासिक पगार (मूळ अधिक महागाई भत्ता) भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. समजा पगार १२,००० आणि नोकरी ३० वर्षं, तर २ लाख ७ हजारांच्या वर रक्कम होते. कायदा १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं लागतो, त्यामुळं लहान मंडळ्या, म्हणजे लहान चर्च, आम्हाला लागू नाही म्हणून मोकळ्या होतात, पण मंडळीला स्वतःहून द्यायला कुणी अडवलंय? एकदम जमत नसेल तर उपकारस्तुतीच्या अर्पणातून हप्ते पाडा, पण ठराव करून आकडा लिहा. आणि रोख पाकीट हातात देऊ नका, समारंभातले पैसे आठ दिवसांत पाहुण्यारावळ्यांत संपतात. साठीच्या पुढचे असतील तर पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत मामींसोबत जॉइंट खातं काढून द्या, दर तीन महिन्याला व्याज येतं, औषधपाण्याला होतं.

मिरजेची लेक
खोलीचं आधी बघा गं. माझ्या माहेरच्या मंडळीत (गाव सांगत नाही) सेवकांना हार घातला, सगळे रडले आणि पुढच्याच आठवड्यात खोली रिकामी करा म्हणून निरोप आला. नवा माणूस येणार होता, त्याला जागा पाहिजे हे खरंच होतं, पण त्या काकूंचं तोंड मला अजून दिसतं. तुमच्याकडं जूनअखेर म्हणजे भर पावसात बिऱ्हाड हलवायचं. निदान नाताळपर्यंत मुदत मागा आणि जागा ट्रस्टच्या नावावर असेल तर तोंडी शब्दावर राहू नका, कमिट्या बदलतात, लेखी घ्या.

आणि मामींना विसरू नका. प्रेमभोजनाचे तांदूळ निवडणं, पायऱ्या धुणं, नाताळात करंज्या लाटायला सगळ्यांच्या आधी येणं, हे त्या बिनपगारी करत आल्या असणार. शाल एकच आणू नका.

पुण्यात राहतोय पण मूळचा कोल्हापूरचा
मी एक वेगळं सांगतो. मामांच्या डोक्यात जे आहे ते उतरवून घ्या. कबरस्तानात कुणाची कबर कुठं आहे, जुन्या कबरींवरचे दगड गेलेत तिथं कोण आहे, कुठली तार जोरात पाऊस आला की शॉर्ट होते, मौतीची घंटा किती थांबून थांबून वाजवायची, हे कुठल्याच रजिस्टरात नाही. दोघा-तिघांनी वही घेऊन त्यांच्याबरोबर फिरा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. माणसाला आपलं काम कुणीतरी शिकून घेतंय याचं फार बरं वाटतं, मोमेंटोपेक्षा जास्त.

आणि नाव लिहा. कोल्हापुरातला मिशनचा इतिहास आपण १८५२ ला वाइल्डर साहेब आले तिथनं सांगतो, मिशनरी, पाळक सगळ्यांची नावं आपल्याला पाठ. घंटा ओढणाऱ्याचं नाव कुठं सापडतं का बघा. मंडळीच्या वार्षिक अहवालात मामांचं पूर्ण नाव, कधी लागले, काय काय केलं, एक पान तरी पाहिजे.

शाहूपुरीची पोरगी
सगळ्यांचे खूप आभार, वाचताना दोनदा थांबले. आज सेक्रेटरी अंकलशी बोलले. खोलीचं नाताळपर्यंत ते स्वतः मांडतो म्हणालेत, ग्रॅच्युइटीचा आकडा काकांच्या सूत्रानं काढून मीच मीटिंगला घेऊन जाणार आहे. भाषण एकच ठेवतोय. वहीचं काम शनिवारपासून सुरू, मामांना विचारलं तर म्हणाले सकाळी लवकर या, कबरस्तानात उन्हाचं फिरवत नाही कुणाला. पुण्या-मुंबईला असलेल्या आमच्या मंडळीतल्या कुणाकडं त्यांचे जुने फोटो असतील तर इथं टाका, विशेषतः लग्नाच्या अल्बममध्ये मागं उभे असलेले.