दम्याचा म्हणवला जाणारा उंदीर आणि श्वासनलिकेचा स्नायू

वातायन :
मेथाकोलीन या श्वासनलिका आवळणाऱ्या, चाचणीत वापरल्या जाणाऱ्या द्रव्याच्या ज्या मात्रेने निरोगी माणसाला काहीच होत नाही, तिच्या अंशमात्रानेही दमेकऱ्याने पहिल्या सेकंदात उच्छ्वासावाटे सोडलेली हवा २० टक्क्यांनी घटते. हाच अतिप्रतिसाद. श्वासनलिका आवळतो तो तिच्या भिंतीतला अरेखित (आपोआप चालणारा) स्नायू, आणि दम्याने दगावलेल्यांमध्ये हा स्नायू जाड झालेला असतो अशी नोंद १९२२ सालीच झाली आहे. तरीही दम्यावरचे बहुतांश प्रयोग उंदरावर होतात : अंड्यातील प्रथिन तुरटीवर्गीय क्षारासह पोटात टोचायचे, मग त्याचाच फवारा हुंगायला लावायचा, फुप्फुसात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दिसल्या की त्याला दमा म्हणायचे. उंदराला मुळात आपणहून दमा होत नाही, त्याचा श्वासनलिकेचा स्नायू हिस्टामिन या ॲलर्जीत स्रवणाऱ्या द्रव्याला जवळजवळ दाद देत नाही आणि तोच फवारा बरेच आठवडे दिला तर प्रतिसाद ओसरू लागतो.

परिणाम काय झाला? १९९६ साली इंटरल्युकिन-५ हा इओसिनोफिल वाढवणारा रेणू नसलेल्या उंदरांत इओसिनोफिल आणि अतिप्रतिसाद दोन्ही नाहीसे झाले. २००० साली त्याच रेणूविरुद्धचे प्रतिपिंड माणसांना दिले, तेव्हा इओसिनोफिल घटले, अतिप्रतिसाद मात्र होता तसाच राहिला. म्हणून अतिप्रतिसादाविषयीचा कोणताही दावा केवळ उंदरावरून करू नये, असे माझे मत आहे.

सूक्ष्मदर्शी :
आपण ही गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. इओसिनोफिल वाढलेले आणि वारंवार तीव्र झटके येणारे रुग्ण निवडून तेच प्रतिपिंड, म्हणजे मेपोलिझुमॅब, वापरले तेव्हा झटके कमी झाल्याचे २००९ साली दिसले आणि २०१५ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. इओसिनोफिलबद्दल उंदीर खरेच बोलला होता. त्याला स्नायूविषयीचा प्रश्न विचारून इओसिनोफिलविषयीचे उत्तर घेतले, ही चूक आपली. शिवाय प्राणी म्हणजे फक्त उंदीर नव्हे. गिनीपिगच्या फुप्फुसातून निघणाऱ्या, स्नायूला सावकाश पण दीर्घकाळ आवळणाऱ्या द्रव्याचा माग काढतच १९७९ साली त्यातील ल्युकोट्राइन या रेणूंची ओळख पटली आणि पुढे त्यांना रोखणारी माँटेलुकास्टसारखी औषधे आली.

वातायन :
गिनीपिगचे श्रेय निर्विवाद आहे, पण त्याचीच दुसरी बाजू पाहा. त्याचा स्नायू हिस्टामिनला इतका तत्पर असतो की हिस्टामिनविरोधी औषधे त्याच्यात उत्तम काम करतात. माणसाच्या दम्यात मात्र त्यांचा उपयोग फारसा होत नाही. म्हणजे एक प्राणी हिस्टामिनला बहिरा, तर दुसरा गरजेपेक्षा तिखट कानांचा.

निरीक्षक :
मला दोघांच्याही आधीचा प्रश्न पडतो : मोजले काय? १९९७ नंतर कित्येक प्रबंधांत उंदराला मोकळा पेटीत ठेवून तिच्यातील दाबाच्या आलेखावरून ‘पेन्ह’ नावाचा आकडा काढला जाई आणि त्यालाच अतिप्रतिसाद म्हटले जाई. तो आकडा म्हणजे श्वासनलिकेत हवेला होणारा रोध नव्हे. श्वासाची लय, नाक आणि हवेचे तापणे-ओलावणे हे सारे त्यात मिसळते. भूल देऊन श्वासनलिकेतून प्रत्यक्ष रोध मोजला की चित्र बदलू शकते. त्यामुळे ‘उंदराने फसवले’ असे म्हणण्याआधी पेटीला जाब विचारावा.

आणि स्नायूच हवा असेल तर मोठ्या जातीच्या उंदरांकडे, म्हणजे रॅटकडे वळावे. फिशर आणि लुईस या दोन वाणांत, कोणताही दाह न घडवता, फिशरची श्वासनलिका मेथाकोलीनला अधिक आवळते आणि तिच्यात स्नायूही अधिक असतो.

वातायन :
हे मला अनुकूलच आहे! पण मग माणसाच्याच फुप्फुसाचे पातळ काप उपलब्ध असताना रॅट कशाला?

निरीक्षक :
कारण काप खोल श्वास घेत नाही. निरोगी माणसाने दीर्घ श्वास घेतला की ताणामुळे आवळलेला स्नायू सैल पडतो; दमेकऱ्यात हा लाभ क्षीण होतो, आणि अतिप्रतिसादाचा हा एक मोठा घटक असावा. त्यासाठी श्वास घेणारे शरीर लागते. स्नायूला सर्वस्व मानणाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेत मान्य झालेली ब्राँकियल थर्मोप्लास्टीही लक्षात घ्यावी : उष्णतेने स्नायू घटवल्यावर जीवनमान सुधारले, तीव्र झटके कमी झाले, पण पहिल्या सेकंदाच्या हवेचा आकडा फारसा हलला नाही.

वातायन :
ठीक आहे, प्राणी वापरावेत. पण प्रबंधाच्या शीर्षकात ‘दम्याचा उंदीर’ न लिहिता ‘अंड्यातील प्रथिनाची ॲलर्जी असलेला उंदीर’ असे लिहावे.

सूक्ष्मदर्शी :
ते मला आजही मान्य आहे. फक्त मग घरातल्या धुळीतील धूळकीटकांचा अर्क नाकावाटे देऊन, तुरटीवर्गीय क्षाराविना घडवलेल्या उंदराला काय म्हणायचे, तेही आपणच सुचवावे.