मामाला 'तीर्थरूप' लिहिलं तर आभाळ कोसळतं का?

कोकणकडा: 'पत्रातल्या घोडचुका' म्हणून कुणीतरी काल भलीमोठी यादी टाकलीय. पहिली घोडचूक: मामा-काकांना 'तीर्थरूप' म्हणणं. तो मान फक्त आईवडिलांचा, बाकीचे 'तीर्थस्वरूप'. असेल बुवा. पण हेच गृहस्थ पुढे 'स. न. वि. वि.'मधल्या 'विनंती विशेष'चा अर्थ 'खास विनंती' असा देतात! पेशवाईतली पत्रं काढून बघा. 'विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. विशेष', आणि तिथून मजकूर सुरू. विशेष म्हणजे आता मुद्द्याचं. आधी स्वतः शिका, मग छडी उगारा. शिवाय सगळे नुसतं 'ती.' लिहितात, त्यात रूप की स्वरूप कोण ओळखणार?

शाईदौत: ते गृहस्थ मीच. 'विशेष'चं मान्य, वाटा पेढे. पण तीर्थस्वरूपाला 'ती. स्व.' लिहितात, हे घरात पत्रं येत असती तर कळलं असतं. आमचे वडील माझं पत्र लाल शाईने तपासून परत पाठवायचे. होस्टेलवर तीन वर्षं मला माझीच पत्रं आली.

अनुस्वार: म्हणजे खुशाली कधी कळलीच नाही! मुलाच्या दहावीच्या नमुन्यात तारीखसुद्धा डावीकडे गेलीय. उजव्या कोपऱ्यापायी आम्ही खाल्लेल्या छड्यांचं काय? आणि ईमेलमध्ये 'ता. क.' कशाला लिहितात लोक? वर जाऊन घुसवा की वाक्य.

रेघोटी: मायने शुद्ध हवेत म्हणे. बाबा गेले त्याच आठवड्यात आईला एका नातेवाइकाचं पोस्टकार्ड आलं. नावाआधी ठसठशीत 'गं. भा.'. पोस्टमनने वाचूनच हातात दिलं, नजर खाली घालून. परवापर्यंत 'सौ.' होती ती. व्याकरणात एक चूक नव्हती हो त्या कार्डात.

शाईदौत: 'गंगा भागीरथी' हा आदराचा शब्द आहे. हल्ली कशानेही अपमान होतो लोकांचा.

रेघोटी: २०२३ मध्ये सरकारी कागदावर 'विधवा'ऐवजी हाच शब्द आणायची टूम मंत्र्यांनी काढली, तेव्हा बायका का खवळल्या मग? एवढा आदर आहे तर विधुरालाही एखादी नदी द्या. तो आपला लग्नाआधी 'चि.', नंतर थेट 'कै.' होईपर्यंत 'श्री.'!

शाईदौत: रूढी मी नाही पाडली. मी फक्त शुद्धलेखनाबद्दल लिहिलं होतं.

कोकणकडा: अहो, विषय मामाचा होता.

रेघोटी: मामाचाच चाललाय. ते कार्ड मामानेच धाडलं होतं. आता सांगा, त्याला तीर्थरूप लिहू की तीर्थस्वरूप?

शाईदौत: ...नुसतं 'मामा' लिहा. पुढे स्वल्पविराम तेवढा द्या.