फेब्रुवारीत डेथ व्हॅली: दोन मुलं, सासूबाई आणि तंबू. बेत कसा आखावा?

पायवाट

प्रेसिडेंट्स डेच्या (फेब्रुवारीतली अमेरिकन सुट्टी) आठवड्यात सनीव्हेलहून गाडीने डेथ व्हॅलीला, कॅलिफोर्नियातल्या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात, जायचं ठरतंय. फर्नेस क्रीक कॅम्पग्राउंडला ४ रात्रींचं बुकिंग मिळालं आहे, तंबूची साधी जागा, विजेची सोय नाही. मंडळी पाच: आम्ही दोघं, ६ आणि १० वर्षांची मुलं आणि सासूबाई, वय ६७. त्या सपाटीला मैलभर चालतात, पण गुडघ्यांमुळे चढ-उतार नको म्हणतात. गाडी टेस्ला मॉडेल वाय, विजेवरची.

रस्ता कुठला घ्यावा? चार्जिंगचं कसं करावं? मुलांना झेपतील असे ट्रेक कोणते? रेसट्रॅक या कोरड्या तळ्यातले ते सरकणारे दगड बघायचा मुलांचा हट्ट आहे, ते जमेल का? आणि पाणी-स्वयंपाकाचा अंदाज कसा घ्यायचा?

रानवारा

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा: उकाडा. ५६.७ अंशांचा १९१३ चा विक्रम जुलैमधला आहे. फेब्रुवारीत फर्नेस क्रीकला दिवसा सरासरी २३ आणि पहाटे ८ अंश सेल्सिअस असतं. एखादी रात्र याहून बरीच गार निघू शकते.

त्रास देतो तो वारा. उंच भिंतींचा सहा माणसांचा केबिन टेंट वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि त्याच्या काठ्या वाकतात. त्यापेक्षा दोन बुटके घुमटाकार तंबू घ्या, आपल्या काठ्यांवर उभे राहणारे. जमीन कडक, खडी दाबून बसवल्यासारखी असते. तंबूबरोबर मिळणाऱ्या तारेच्या खुंट्या तिथे आत जात नाहीत, दुमडतात. १० इंची पोलादी खुंट्या आणि हातोडा लागेल. ताणदोऱ्या हवा शांत असतानाच बांधून टाका. रात्री दोन वाजता तंबू फडफडायला लागल्यावर ते काम कोणालाच जमत नाही. दिवसा फिरायला जाताना तंबूच्या कोपऱ्यांत पाण्याचे कॅन ठेवा. रिकामा तंबू खुंट्यांसकट उडतो.

झोपायला नुसती हवेची गादी नको. आतली हवा जमिनीइतकी गार होते आणि कितीही पांघरलं तरी पाठ गारठते. आर-व्हॅल्यू (गारवा अडवण्याची क्षमता) ३ किंवा त्याहून जास्त असलेली पॅड घ्या, नाहीतर हवेच्या गादीवर फोमची पट्टी अंथरा. खाली नव्हे, वर. सासूबाईंसाठी १६-१८ इंच उंचीची खाट आणा. जमिनीवरून उठणं हेच दुखऱ्या गुडघ्यांना सगळ्यात जड जातं. खाटेवरही ती पॅड हवीच, कारण खालून वारं लागतं.

आता ट्रेक. मुलांसाठी माझी पहिली पसंती मोझॅइक कॅन्यन. पूर्ण जाऊन-येऊन ४ मैल आहे, पण पहिल्या अर्ध्या-पाऊण मैलातच गुळगुळीत संगमरवराच्या अरुंद भिंती लागतात आणि मुलं तिथे घसरगुंडी खेळतात. तिथून परत फिरलात तरी काही बिघडत नाही. गोल्डन कॅन्यनमधून रेड कॅथीड्रलपर्यंत जाऊन-येऊन ३ मैल, चढ पावणेसहाशे फुटांच्या आसपास. शेवटच्या टप्प्यात हात टेकून चढावं लागतं. दहा वर्षांचं मूल ते करेल, सहा वर्षांच्याला मागून आधार द्यावा लागेल. पुढे गॉवर गल्चमधून वळसा घालून येण्याचा ४.३ मैलांचा फेरा या वेळी सोडा. त्यात सावली नाही आणि वाटा फुटतात तिथे चुकायला होतं.

मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्यांवर सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला जा. त्या दिवसांत सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो आणि अंधार भराभर पडतो. तिथे आखलेली वाट नसते, दुपारपर्यंत पावलांचे ठसे सगळीकडे पसरलेले असतात आणि परतीची दिशा त्यांवरून कळत नाही. निघतानाच मागे वळून पार्किंगच्या पाठीमागचा डोंगर नीट बघून ठेवा, आणि प्रत्येकाच्या गळ्यात टॉर्च हवा.

सासूबाईंना बॅडवॉटर छान जमेल. समुद्रसपाटीखाली २८२ फूट, तिथून मिठाच्या पांढऱ्या पट्ट्यावर सपाट चाल, वाटेल तिथून मागे फिरायचं. झब्रिस्की पॉइंटची वाट पक्की आणि आखूड आहे, पण चढाची. सावकाश जा. डान्टेज व्ह्यूला मात्र गाडी थेट वर जाते आणि पार्किंगमधूनच सगळं दिसतं.

दोन_युनिट

गाडीचं मी सांगतो.

टायोगा पास हा घाट फेब्रुवारीत बर्फामुळे बंद असतो, त्यामुळे योसेमिटीतून जायचा प्रश्नच नाही. बेकर्सफील्ड, हायवे ५८ ने टेहाचापी, मोहावी, १४ ने इन्योकर्न, रिजक्रेस्ट, ट्रोना, पॅनमिंट व्हॅली आणि मग १९० ने टाऊन पास ओलांडून खाली. अंतर सुमारे ५०० मैल, मुलं आणि चार्जिंग धरून दहा तास. पहिली रात्र रिजक्रेस्टला मोटेलमध्ये काढलीत तर कॅम्पवर उजेडात पोचाल. अंधारात, वाऱ्यात, दमलेल्या मुलांसह पहिल्यांदा तंबू उभारणं टाळाच.

इन्योकर्नला सुपरचार्जर (टेस्लाचा वेगवान चार्जर) आहे. तिथे ९५ टक्क्यांच्या पुढे भरून निघा. पुढे फर्नेस क्रीक सव्वाशे मैलांच्या आसपास. अंतरापेक्षा चढ जास्त खातो: पॅनमिंट व्हॅलीच्या तळापासून टाऊन पास जवळजवळ ३,४०० फूट उंच आहे. माथ्यावरून मात्र समुद्रसपाटीपर्यंत उतरताना बरंच परत मिळतं. पेट्रोलवाल्यांनी याच उतारावर खालचा गिअर टाकावा. नुसता ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापून पकड सोडतात.

खरा हिशेब आतल्या फिरण्याचा. रोज ५०-८० मैल सहज होतात. डान्टेज व्ह्यू ५,४७६ फुटांवर, म्हणजे कॅम्पपासून साडेपाच हजार फुटांहून जास्त चढ. पाच माणसं धरून गाडी २,३०० किलो मानली तर नुसतं वजन वर न्यायलाच १० युनिटच्या पुढे जातात, अंतराचे वेगळे. फर्नेस क्रीकच्या रिसॉर्टकडे संथ चार्जर आहेत, पण सुट्टीच्या दिवसांत त्यांच्या भरवशावर राहू नका. मध्ये एका दुपारी बिटीला जा. नेवाडात आहे, चाळीसेक मैल, तिथे सुपरचार्जर आहे आणि वाटेत रायोलाइट हे ओसाड पडलेलं खाणगाव बघून होतं. चार्ज ४० टक्क्यांच्या खाली जायच्या आत निघा, कारण वाटेत ४,३०० फुटांचा डेलाइट पास चढायचा असतो.

रेसट्रॅक विसरा. उबेहेबे क्रेटरपासून २७ मैल खडबडीत कच्चा रस्ता आहे आणि त्यातले धारदार दगड टायरची बाजूची भिंत चिरतात. ती चीर पंक्चर किटने बुजत नाही. मॉडेल वायला स्टेपनी नसते, तिथे फोनला रेंज नाही आणि गाडी ओढून आणायचं बिल हजार डॉलरच्या पुढे जातं. मुलांना उबेहेबे क्रेटर दाखवा. तिथपर्यंत डांबरी रस्ता आहे आणि ज्वालामुखीच्या स्फोटाने पडलेला ६०० फूट खोल खड्डा बघून दगडांचा हट्ट निवतो. आदल्या रात्री चार्जचा हिशेब मात्र करा, कॅम्पपासून ते लांब आहे.

नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, आणि व्हिजिटर सेंटरमधून कागदी नकाशाही घ्या. फोन जवळचा म्हणून दाखवतो तो रस्ता तिथे पुष्कळदा वाळूचा निघतो.

धपाटे

पाणी: माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, पिणं-स्वयंपाक धरून. फर्नेस क्रीकला नळ आहे, त्यामुळे सगळं घरून वाहून न्यायची गरज नाही. पण गाडीत २० लिटर कायम ठेवा, त्याला रोजच्या वापरात हात लावायचा नाही. एकच मोठा कॅन नको, दोन लहान घ्या. एकाची तोटी गळली तरी दुसरा राहतो.

तिथली हवा इतकी कोरडी असते की घाम दिसतच नाही, जागच्या जागी उडून जातो. मुलं "तहान नाही" म्हणतात. दर वीस मिनिटांनी चार घोट पाजा, आणि सोबत खारट काहीतरी द्या: भडंग, खारे दाणे, लिंबाचं लोणचं. मीठ न घेता पाणीच ढोसलं तरी डोकं दुखतं, मळमळतं. जवळचं अर्धं पाणी संपलं की वाट कितीही उरली असो, परत फिरायचं. ओठांना आणि नाकपुड्यांना व्हॅसलीन लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी मुलांचा घोळणा फुटतो.

शेगडी प्रोपेनची घ्या, हिरव्या एक पौंडी सिलिंडरची. लांबट डब्याची ब्यूटेन शेगडी पहाटेच्या गारठ्यात मंदावते आणि चहाला आधण येता येत नाही. प्रोपेनचा एक सिलिंडर एका बर्नरवर पूर्ण आचेने दोन तास चालतो. तुम्हाला चार नेले की पुष्कळ. स्वयंपाक तंबूत किंवा तंबूच्या दारात कधीही नको, वारा असला तरी. कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

३ लिटरचा कुकर न्या. खिचडीचे पुडे घरीच बांधा: दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, धुऊन पंख्याखाली सुकवलेली, त्यातच हळद, हिंग, मीठ, गोडा मसाला. तिथे फोडणी आणि नऊ वाट्या पाणी. पिठल्यासाठी बेसन भाजून न्या. पहिल्या दिवसाला धपाटे आणि दाण्याची चटणी पुरे, चूल पेटवायचीच नाही. वाऱ्यात कांदा चिरणं म्हणजे वाळूची कोशिंबीर, म्हणून चिरून डब्यात घालून न्या. भांडी आधी कागदाने कोरडी पुसा आणि मगच पाण्याला लावा.

रात्री अन्नाचा कणही बाहेर ठेवू नका, कूलर गाडीत. कोल्ह्यासारखे कायोटी आणि डोमकावळे दोघेही हुशार आहेत. शेकोटी फक्त कॅम्पसाइटवर बसवलेल्या कुंडात, आणि लाकूड विकतचं. पार्कात पडलेली काटकी उचलायलाही बंदी आहे.

पायवाट

खूप आभार. रेसट्रॅक रद्द. दोन शंका: डान्टेज व्ह्यूला सूर्योदयाला जावं असं सगळीकडे वाचलं, ते सासूबाईंना मानवेल का? आणि पावसाचा अंदाज आला तर?

रानवारा

सूर्योदयाला तिथला देखावा सुंदर असतो हे खरं. आपण पश्चिमेकडे बघत असतो आणि पाठीमागच्या सूर्याने समोरचं टेलिस्कोप पीक हे शिखर आधी उजळतं. पण वर तळापेक्षा ८ ते १४ अंश सेल्सिअस कमी असतं आणि वारा बोचरा. सासूबाईंना घेऊन दुपारी जा, कानटोपी आणि जाड जॅकेट घेऊन. पहाटेचा हट्ट असेल तर झब्रिस्की पॉइंट गाठा. तिथेही सकाळचं ऊन पाठीमागून येतं, आणि कॅम्पपासून दहा-बारा मिनिटांचा रस्ता.

दोन_युनिट

पावसाबद्दल: अंदाज फक्त कॅम्पचा बघून भागत नाही. डोंगरावर पडलेलं पाणी कोरड्या ओढ्यांतून काही मिनिटांत खाली येतं, आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा निळं आकाश असू शकतं. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाच्या एका दिवसात २.२ इंच पाऊस झाला आणि पार्क सुमारे दोन महिने बंद राहिलं. ढग दिसले की मोझॅइक आणि गोल्डन दोन्ही कॅन्यन त्या दिवसापुरते सोडा, बॅडवॉटर किंवा टेकड्या करा. वाहत्या पाण्यात गाडी घालू नका.

निघायच्या आदल्या रात्री पार्कच्या संकेतस्थळावरचं रस्त्यांच्या स्थितीचं पान बघून स्क्रीनशॉट काढून ठेवा. ट्रोनाकडून पॅनमिंट व्हॅलीत उतरणारा रस्ता पुरात खराब होत असतो. तो बंद असला तर ३९५ ने ओलांचापर्यंत जाऊन १९० धरा. अंतर वाढतं, म्हणून लोन पाइनच्या सुपरचार्जरला वाकडी वाट करून भरून घ्या.