मदत हवी: एएफपी ४१२ आलंय, बायोप्सीला हो म्हणायचं का? उद्या अकराला सांगायचंय

खाडीकाठ · मंगळवार, रात्री ९.५०
ताईच्या मुलीच्या लिव्हरमध्ये सोनोग्राफीत गाठी निघाल्या. पाच-सहा आहेत, सगळ्यात मोठी १.८ सेंमी. रक्तात एएफपी (एक प्रथिन, लिव्हरच्या काही कॅन्सरमध्ये वाढतं) ४१२. रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘हाय’ आणि शेजारी नॉर्मल १० च्या आत. म्हणजे चाळीसपट! गूगल केलं तर पहिलंच हेपॅटोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या लिव्हरचा कॅन्सर. इथले डॉक्टर म्हणतात सुईने तुकडा काढून तपासू. भावजींनी उद्या अकराला कळवायचंय. ताई रडतेय, भावजी गप्प. बायोप्सी करायची की नाही एवढंच सांगा. ‘धीर धरा’ छाप प्रतिसाद नकोत.

पिंपळपान · ९.५८
मुलगी केवढी आहे?

नाडीपरीक्षा · १०.०२
घाबरू नका. भुईआवळ्याचा ताजा रस, चमचाभर मधातून, सकाळ-संध्याकाळ. लिव्हरला याच्याइतकं दुसरं काही नाही. माझ्या काकांची कावीळ दहा दिवसांत उतरली होती.

खाडीकाठ · १०.०४
@पिंपळपान लहान आहे. वयाचा काय संबंध? नॉर्मल किती ते रिपोर्टवर छापलेलं आहे ना?

दुसरी_शिफ्ट · १०.१५
सगळा संबंध वयाशीच आहे हो. मी लॅबमध्ये आहे, सोळा वर्षं झाली. छापलेली रेंज मोठ्या माणसांची असते. सॉफ्टवेअरमध्ये एकदा भरली की नव्वदीच्या आजोबांनाही तीच आणि तान्ह्या बाळालाही तीच. एएफपी गर्भाचं लिव्हरच बनवतं. जन्मतः ते सरासरी ४८,००० च्या आसपास असतं. दोन महिन्यांला तीनशेच्या घरात येतं, तेही पुढे-मागे पावणेतीनशेचा फरक धरून. मोठ्यांच्या पातळीवर यायला आठ-दहा महिने, कधी वर्षसुद्धा लागतं. दोन वर्षांच्या मुलीचं ४१२ असेल तर गाडी काढा आणि निघा. दोन महिन्यांच्या मुलीत तो आकडा अगदी साधाही असू शकतो. वय लिहा. आठवड्यांत.

लेकीची_आई · १०.२१
मी वेगळं सांगते. आमची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. पोट मोठं दिसतंय म्हटलं तर ‘गॅस आहे, जंत आहेत, थांबून बघू’ करत दोन महिने गेले. एएफपी केलं तेव्हा चार लाखांवर. हेपॅटोब्लास्टोमाच होता. सिस्प्लॅटिनची केमो, मग ऑपरेशन करून लिव्हरचा डावा भाग काढला, मग परत सिस्प्लॅटिन. आता दुसरीत आहे, धावते, भांडते. फक्त कानाला मशीन आहे, ‘स’ आणि ‘श’ तिला कळत नाहीत. बायोप्सी टाळू नका एवढंच म्हणेन.

दुसरी_शिफ्ट · १०.२६
@लेकीची_आई कान सिस्प्लॅटिनने गेले का? कान वाचवायला सोडियम थायोसल्फेट दिलं नव्हतं?

लेकीची_आई · १०.३०
नाही. आम्हाला तेव्हा कोणी सांगितलंच नाही. सिस्प्लॅटिन संपल्यावर सहा तासांनी देतात म्हणे. २०१८ मध्ये त्याची मोठी चाचणी छापून आली. नुसत्या सिस्प्लॅटिनवाल्या मुलांत ६३ टक्क्यांची श्रवणशक्ती कमी झाली, हे दिलेल्यांत ३३ टक्क्यांची. ते वाचून मी दोन दिवस जेवले नव्हते.

अवांतरवाला · १०.३३
बाळाचं नाव मेडिक्लेममध्ये घातलंय का? बऱ्याच कंपन्या नव्वद दिवस पूर्ण झाल्याशिवाय घेत नाहीत. आधी ते बघा.

टेबलफॅन · १०.३४
त्याने विमा विचारलाय का??

खाडीकाठ · १०.४०
नऊ आठवड्यांची आहे. एक महिना आधी झाली. पोट जरा फुगलेलं वाटलं म्हणून सोनोग्राफी केली. आता तरी उत्तर द्या.

पिंपळपान · १०.४४
अंगावर लाल डाग आहेत का?

टेबलफॅन · १०.४७
लिव्हरमध्ये अनेक गाठी म्हणजे रक्तवाहिन्यांची मालफॉर्मेशन असणार. माझ्या भाच्याच्या गालावर होती. चार वेळा इंजेक्शन देऊन शिरा बंद केल्या, परत भरल्या. शेवटी सिरोलिमसने फरक पडला. थेट सिरोलिमस विचारा, वेळ घालवू नका.

खाडीकाठ · १०.५२
@पिंपळपान आहेत की. लासे आहेत ते, आमच्या घरात सगळ्यांनाच असतात. हिला जन्मताना नव्हते, पंधरा-वीस दिवसांनी उठले. आजी म्हणते ताईने ग्रहणात विळी हातात धरली होती. त्याचं काय?

पिंपळपान · १०.५५
अहो दादा, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! किती आहेत? सपाट की उठावदार?

खाडीकाठ · ११.०१
सहा-सात असतील. एक दंडावर आहे, पिकल्या करवंदाचा अर्धा कापून चिकटवल्यासारखा. आधी टाचणीच्या डोक्याएवढा होता.

पिंपळपान · ११.२०
मी बालशल्यविभागात शिकतोय, अजून शिकाऊच आहे. बाळ न बघता निदान करणार नाही. पण उद्या ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगायला जाऊ नका, प्रश्न घेऊन जा.

जन्मानंतर उठणारे आणि वाढणारे असे डाग बहुधा इन्फंटाईल हिमॅन्जिओमा असतात, म्हणजे तान्ह्या बाळांतल्या रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठी, कॅन्सर नव्हे. पाच किंवा जास्त असले की लिव्हरची सोनोग्राफी करतात, कारण तसेच आतही असू शकतात. तुमच्याकडे उलटं झालं, आधी आतलं सापडलं. सोनोग्राफी करणाऱ्यांनी बाळाचा झबला वर केला होता का, हे मला जाम विचारावंसं वाटतंय.

@टेबलफॅन, ही मालफॉर्मेशन वाटत नाही. दोन्हींना एकाच नावाने हाक मारायची सवय इतकी जुनी आहे की रिपोर्टांतही गोंधळ असतो. १९८२ मध्ये मलिकेन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी बॉस्टनमधून हा गुंता सोडवला: हिमॅन्जिओमात पेशी खरोखर वाढतात आणि मग आपोआप ओसरतात. मालफॉर्मेशन ही रक्तवाहिन्यांच्या घडणीतलीच चूक, ती जन्मापासून असते, मुलाबरोबर वाढते, विरत नाही. तुमच्या भाच्याचं औषध त्याच्यासाठी बरोबर होतं. इथे पहिलं नाव प्रोप्रॅनोलॉलचं. बोर्दोमध्ये एका बाळाला ते हृदयासाठी दिलं आणि नाकावरचा हिमॅन्जिओमा मऊ पडून फिका होऊ लागला. २००८ मध्ये छापून आलं.

उद्या विचारा: काँट्रास्ट देऊन एमआरआय करता येईल का? रक्ताने भरलेल्या गाठीत सुई घातली तर रक्तस्राव होऊ शकतो, तो धोका धरलाय का? टीएसएच केलं का? (या गाठींतलं एक एन्झाइम थायरॉईडचं हार्मोन मोडून टाकतं. लिव्हर भरून गाठी असतील तर जास्त, पण तपासायचं सगळ्यांचंच.) टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी)? एएफपी दोन-तीन आठवड्यांनी परत? एका आकड्यापेक्षा तो उतरतोय का, हे महत्त्वाचं. आणि बालशल्यचिकित्सकांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

लेकीची_आई · ११.२९
म्हणजे तुम्ही बायोप्सी नको म्हणताय. मोबाईलवरून. हेपॅटोब्लास्टोमा लहान बाळांतही होतो आणि लवकर जन्मलेल्यांत जास्त होतो, हेही लिहा ना.

पिंपळपान · ११.४१
लिहितो. बरोबर आहे तुमचं. जन्माचं वजन फार कमी असेल तर धोका खरंच वाढतो. गाठ एकच आणि घट्ट असती, अंगावर डाग नसते, तर मीही बायोप्सीच म्हटलं असतं. एमआरआयमध्ये चित्र जुळलं नाही किंवा एएफपी उतरलं नाही तरीही तेच. ‘नको’ नाही म्हणत, ‘पहिली नको’ म्हणतोय.

नाडीपरीक्षा · ११.४६
एवढ्या तपासण्यांपेक्षा रस देऊन आठवडाभर बघायला काय हरकत आहे?

दुसरी_शिफ्ट · ११.४८
नऊ आठवड्यांच्या बाळाला मध?? वर्षाच्या आत मध देत नाहीत, बॉट्युलिझम (जंतूंच्या विषाने अंग लुळं पडणं) होऊ शकतो. तुमचे काका नऊ आठवड्यांचे होते का?

नाडीपरीक्षा · ११.५३
आमच्याकडे सोन्याबरोबर मध चाटवूनच पिढ्या वाढल्या. असो. तुमचं चालू द्या.

खाडीकाठ · २४ दिवसांनी
मधे लिहायला झालं नाही. त्या दिवशी भावजी कागदावर प्रश्न लिहून घेऊन गेले. डॉक्टर चिडतील वाटलं होतं, उलट त्यांनीच शहरातल्या बालशल्यचिकित्सकांना फोन लावला. तिथल्या बाईंनी पहिल्यांदा बाळाचे सगळे कपडे उतरवले आणि दिव्याखाली डाग मोजले. सात नव्हते, नऊ निघाले. दोन जावळाखाली होते, ताईलासुद्धा माहीत नव्हते. एमआरआयमध्ये हिमॅन्जिओमाच म्हणाले. बायोप्सी केली नाही. इको ठीक. टीएसएच थोडं वाढलेलं, त्याची गोळी दुधात विरघळवून चालू आहे.

प्रोप्रॅनोलॉल वॉर्डात ठेवून सुरू केलं. साखर उतरू शकते म्हणून पाजल्यावरच द्यायचं, आणि बाळ पीत नसेल तर डोस चुकवून त्यांना फोन करायचा. ताई रात्री गजर लावून उठते. दंडावरचा डाग आता करवंद नाही, सुकलेल्या जांभळाच्या सालासारखा झालाय.

एएफपी काल ९६ आलं. कागदावर परत ठळक ‘हाय’. भावजींनी त्यावर पेनाने बारीक अक्षरात ‘वय साडेबारा आठवडे’ लिहून ठेवलंय.

लेकीची_आई · २४ दिवसांनी
बरं वाटलं वाचून. डागांचे फोटो तारीख घालून काढत जा. त्या रात्री मी जरा जोरात बोलले.

दुसरी_शिफ्ट · २४ दिवसांनी
आमच्या लॅबमध्ये रेंज वयानुसार छापा म्हणून अर्ज दिलाय. सॉफ्टवेअरवाला म्हणतो रकान्यात एकच आकडा बसतो.

अवांतरवाला · २४ दिवसांनी
साडेबारा आठवडे म्हणजे नव्वद दिवसांना दोन-तीनच उरले. नाव घातलं का?