लढायचं नव्हतं, पण डोकं तेच चालायचं: असे सेनानी असलेले ॲनिमे आणि तुमच्या आठवणी

आत्याबाई
भाच्याची बारावी झाली. मार्क उत्तम पडलेत आणि त्याला इतिहास घ्यायचाय. घरात खडाजंगी चालू आहे. काल गच्चीवर कपडे काढताना त्याने हळूच विचारलं, "आत्या, तुला काय वाटतं?" आणि मला एकदम यांग वेन-ली आठवला.

लीजेंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज, अंतराळयुद्धाची गोष्ट. योशिकी तानाकांच्या दहा कादंबऱ्या, त्यावरची ११० भागांची मालिका, १९८८ ते १९९७. मी ती होस्टेलला रूममेटच्या कॉम्प्युटरवर पाहिली, बाकीच्या झोपल्यावर, आवाज अगदी बारीक करून. यांगला इतिहासकार व्हायचं असतं. व्यापारी वडील अपघातात जातात, मागे ठेवलेल्या पुराणवस्तू जवळजवळ सगळ्या नकली निघतात. फुकटात इतिहास शिकायला मिळेल अशी जागा म्हणून हा लष्करी अकादमीत शिरतो, तर तो युद्धेतिहासाचा विभागच बंद होतो. मग रणनीतीच्या वर्गात रवानगी. एकविसाव्या वर्षी एल फॅसिल ग्रहावरून ३० लाख माणसं सुखरूप बाहेर काढतो आणि त्या दिवसापासून वीरपुरुष म्हणून त्याच्या मागे लागतात ते लागतातच. त्याला हवी असते पेन्शन आणि पुस्तकं.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलाय तो ॲस्टार्टेच्या लढाईनंतरचा शोकसभेचा प्रसंग. संरक्षणमंत्री व्यासपीठावरून बलिदानावर गर्जना करतोय, सगळं सभागृह उठून उभं राहिलंय आणि यांग एकटा खुर्चीत बसून आहे. शेजारचा ओरडतो तरी उठत नाही. तेवढ्यात जेसिका, जिचा होणारा नवरा त्याच लढाईत गेला, सरळ पुढे चालत येते आणि मंत्र्याला विचारते, तुम्ही कुठे आहात? तुमच्या घरचे कुठे आहेत? मी त्या रात्री तो प्रसंग परत परत लावून पाहिला होता.

मी स्वतः कॉमर्स केलं, बँकेत आहे. काम जमतं, लोक नावाजतात. पण जमणं वेगळं आणि मनापासून हवं असणं वेगळं, हे मला कुणा माणसाने नाही, या मालिकेने दाखवलं. असे आणखी कुठले ॲनिमे आहेत? म्हणजे डोकं अफाट, पण युद्ध नको असलेली माणसं. नुसती नावं नकोत, तुम्ही कधी पाहिलं, काय आठवतं तेही लिहा.

चहाचं आधण
यांग!!! चहात ब्रँडी घालणारा आणि कॉफीला गढूळ पाणी म्हणणारा माझा एकमेव देव. सविस्तर रात्री लिहिते, कुकर लावलाय.

वऱ्हाडकर
शिकामारू, निन्जांच्या नारुतो मालिकेतला. ती मी आणि लहान भाऊ सोनी येवर हिंदीत पाहायचो. चूनिन म्हणजे निन्जांच्या बढतीच्या परीक्षेत समोरच्या तेमारीला सावलीत पक्की अडकवतो, फक्त शेवटचा घाव घालायचा बाकी आणि हा हात वर करून म्हणतो, मी सोडतो. भाऊ टीव्हीवर उशी फेकून मारायला निघाला होता! आणि मग त्या सगळ्या पोरांत बढती एकट्या शिकामारूलाच. कारण पुढारपण म्हणजे नुसतं जिंकणं नाही, आपली ताकद कुठे संपते ते ओळखणं, हे परीक्षकांना दिसलं. भावाला ते तेव्हा पटलं नव्हतं. आता तो साईटवर सुपरवायझर आहे आणि स्वतःच हा किस्सा माणसांना सांगतो.

कोथरूडकर
ढग बघत पडून राहणारा शिकामारू म्हणजे आमच्या वर्गातला मागच्या बाकावरचा टॉपर. असा एक सगळ्यांच्याच वर्गात असायचा ना?

रानवारा
+१. आमच्याकडचा आता नांदेडला वकील आहे.

फौजीची बायको
यांगबद्दल बोलायला इथे कुणी मिळेल असं वाटलं नव्हतं. नवरा फील्डवर असताना क्वार्टरमध्ये पाहिली. मुलगी झोपली की लावायची.

व्हर्मिलियनची लढाई. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा. शत्रूचा मुख्य सेनानी रायनहार्ड, त्याचं जहाज यांगच्या तोफांच्या टप्प्यात आलंय, एक हुकूम दिला की युद्ध संपलं. आणि राजधानीतून सरकारचा आदेश येतो, युद्धबंदी करा. शत्रूचे दोन सेनानी राजधानीच्या डोक्यावर येऊन बसलेत आणि सरकार शरण गेलंय. यांगचा अधिकारी शोनकॉफ सांगतो, दुर्लक्ष करा, गोळी चालवा. यांग थांबतो.

मी त्या वेळी तशीच उठून पाणी प्यायले. फौजीच्या घरात राहून एक गोष्ट रोज दिसते, हुकूम कुणाचा हे जिथे पक्कं असतं तिथेच बंदूक सुरक्षित असते. यांगला ते सरकार भिकार वाटत होतं. तरी निवडून आलेल्यांचं ऐकायचं हे त्याने सोडलं नाही. त्याने गोळी चालवली असती तर उद्यापासून दुसरा कुणी सेनापतीही तेच करायला मोकळा झाला असता. माझ्या मते त्या सबंध मालिकेतलं सर्वांत धाडसाचं काम तेच.

सोनेरी सिंह
ताई, आदर ठेवून असहमत. त्या एका हुकुमावर त्याच्या ताफ्यातल्या किती जणांनी जीव टाकला होता? त्यांना काय सांगायचं? सरकार स्वतःच्या कातडीसाठी शरण गेलं, जनतेला विचारून नाही. मी रायनहार्डच्या बाजूचा आहे हे नावावरून कळलंच असेल (सोनेरी सिंह हे त्याच्या झेंड्यावरचं चिन्ह), पण यांगने गोळी चालवायला हवी होती असं त्याचा शत्रूपक्ष असूनही वाटतं.

फौजीची बायको
दादा, तुमचा प्रश्न खरा आहे. मेलेल्यांना काय सांगायचं याला यांगकडेही उत्तर नाही, म्हणून तर तो एवढा पितो.

आत्याबाई
दोघांचंही वाचून अंगावर काटा आला. भाच्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी: फर्ग्युसनचा फॉर्म भरलाय. दादा अजून बोलत नाही, वहिनी बोलते.

निशिगंध
तानाकांचीच दुसरी, हिरोइक लीजेंड ऑफ अर्स्लान. २०१५ची. पार्स देश, राजपुत्र अर्स्लान आणि त्याचा रणनीतीकार नार्सुस. याने पूर्वी नुसत्या अफवा पेरून तीन देशांची युती फोडली होती. मग गुलामगिरीवरून राजाशी वाजलं, दरबार सोडला आणि डोंगरात जाऊन चित्रं काढत बसला. परत यायला तयारच नाही. अर्स्लान त्याला सोनंनाणं देऊ करत नाही, म्हणतो, मी राजा झालो की तुला दरबारी चित्रकार करीन. बस, गडी तयार! (चित्रं भयानक असतात, हे मित्र दर्यून सारखं सांगतो.)

पण मला लिहायचंय ते वेगळंच. एका किल्ल्यात अर्स्लान गुलामांच्या कोठडीचं दार उघडतो, तुम्ही मोकळे आहात म्हणतो. आणि ते गुलाम त्याच्यावरच धावून येतात, आमच्या मालकाला मारलंत म्हणून. मालक बरा वागवायचा ना. तेव्हा नार्सुस स्वतःचं सांगतो, मीही माझ्या जहागिरीतले गुलाम सोडले होते, त्यातले कितीतरी परत आले, कारण स्वतःच्या पायावर जगायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

मी रायगडात कातकरी वस्त्यांवर काम करते. वीटभट्टीची उचल डोक्यावर घेऊन माणसं हंगामभर बायकापोरांसह राबतात. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६चा. कागदं करून, धावपळ करून आम्ही एक कुटुंब सोडवून आणलं होतं. पावसाळा सरला आणि ते त्याच शेठकडे परत गेलं. बाई म्हणाली, "ताई, आजारपणात पैसं त्योच देतो." मी तेव्हा फार चिडले होते तिच्यावर. हा भाग पाहिला आणि त्या बाईचं म्हणणं पहिल्यांदा नीट ऐकू आलं. आता आम्ही आधी रेशनकार्ड, मग बचत गट, मग दवाखान्याची सोय बघतो. दार उघडणं सगळ्यात शेवटी.

चहाचं आधण
निशिगंध, काय लिहिलंयस गं. हात जोडते.

रानवारा
ताई, संस्थेला मदत करायची असेल तर निरोप करा.

निशिगंध
करते, धन्यवाद. आत्ता एसटीत आहे, पेणला पोचले की.

हत्तीचा माहूत
अर्स्लानमध्ये सिंधुरा नावाचा देश आहे आणि त्याचा राजपुत्र राजेंद्र!! आपल्याकडचाच हो. शब्द देतो, फिरवतो, गोड बोलून परत मैत्री करतो. नार्सुसला सगळं आधीच कळलेलं असतं. युद्धातले हत्ती बघून मी शिट्टी वाजवली होती घरात.

पेन्शनर काका
पेन्शनचा विषय निघाला म्हणून. मुलाने मला इरिस्पॉन्सिबल कॅप्टन टायलर दाखवली. १९९३ची, २६ भाग. हा तरुण आरामाची नोकरी म्हणून अंतराळसेनेत भरती होतो आणि आधी पेन्शन खात्यात जातो. माझी उभी हयात सरकारी कचेरीत गेली, त्यामुळे आवडीने पाहू लागलो. पुढे त्याला एक मोडकं जहाज आणि वाया गेलेली टोळी देतात. तो कुणावर ओरडत नाही. मुलगा म्हणतो की तो मूर्ख आहे की महाज्ञानी हे शेवटपर्यंत कळत नाही. माझं मत पक्कं आहे, ज्ञानी आहे. हाताखालच्या माणसाला न घाबरवता काम करून घेणारे साहेब मी फार थोडे पाहिले.

वऱ्हाडकर
काका जिंदाबाद.

सोनेरी सिंह
आल्डेरामिन ऑन द स्काय पाहिलीये का कुणी? २०१६, मॅडहाउस स्टुडिओची, फक्त १३ भाग. इक्ता नावाचा आळशी पोरगा, त्याला ग्रंथालयात नोकरी हवी असते. मैत्रिणीला अधिकाऱ्यांच्या परीक्षेत मदत केली की ती नोकरी मिळणार असा सौदा. जहाज बुडतं, राजकन्येला वाचवतो आणि फौजेत अडकतो तो अडकतोच. कादंबऱ्या १४ आहेत, दुसरा सीझन आलाच नाही. गोष्ट ऐन रंगात येते आणि संपते, ते दुःख वेगळंच.

चहाचं आधण
आले. कुकर झाला, पोरं जेवली. यांगचा इझरलोनचा किल्ला! शत्रूच्याच पकडलेल्या जहाजात आपली माणसं शत्रूच्या गणवेशात बसवून पाठवतो, जखमी झालोय, दार उघडा. तोपर्यंत त्या किल्ल्यावर समोरून हल्ले करून लाखोंनी मेले होते आणि याने स्वतःचा एकही माणूस न गमावता घेतला. परत येऊन पहिलं काम काय, तर राजीनामा. आणि तो नामंजूर! मी ज्या दिवशी हे पाहिलं त्याच आठवड्यात माझा ऑफिसमधला राजीनामा दोनदा परत पाठवला होता, "तुमच्याशिवाय कोण करणार" म्हणून. कौतुकाच्या दोरीने बांधून ठेवतात ना, ते यांगच्या चेहऱ्यावर बरोबर दिसतं.

कोथरूडकर
मग सोडली का नोकरी?

चहाचं आधण
सोडली. आता घरून डबे देते. पंधरा डबे, सगळे शाकाहारी, कर्वेनगर-वारजे.

कोथरूडकर
नंबर पाठवा ना. खरंच.

शनिवारवाडा
आपल्याकडे नाना फडणवीस बघा. पानिपतावर तो जेमतेम अठरा वर्षांचा, आई आणि बायकोला घेऊन यात्रेच्या निमित्ताने फौजेबरोबर गेलेला. स्वतः कसाबसा वाचला, आई कायमची हरवली. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. तलवारीचा माणूस नव्हताच. आणि पुढे कितीतरी वर्षं दौलत त्याच्या लेखणीवर. मला यांगमध्ये नाना दिसतो.

सोनेरी सिंह
नानाला सत्ता नको होती असं म्हणता येईल का पण? कारभार त्याने घट्ट धरून ठेवला होता. यांगने कुणी देऊ केली तरी घेतली नसती.

शनिवारवाडा
ते खरं. पण अठराव्या वर्षी ज्याने ते रान पाहिलं त्याला पुन्हा युद्ध आवडलं असेल असं मला वाटत नाही. नवीन धागा काढतो यावर.

योकोहामातून
इथे कामाला आहे. जपानी शिकायला पुण्यात सुरुवात केली ती यांगच्या आवाजामुळे. केई तोमियामा. थकलेला, मऊ, कुणावर न चढणारा आवाज. ते १९९५ मध्ये कर्करोगाने गेले, मालिका पूर्ण व्हायच्या आधी. २०१८ पासूनची नवी आवृत्तीही देखणी आहे, लढाया स्वच्छ कळतात, पण माझ्या कानात यांग तोच. ज्यांना दृश्यापेक्षा संगीताने सुरुवात करायचीये त्यांनी १९८८चा पहिला चित्रपट लावा, त्यात आख्खी लढाई राव्हेलच्या बोलेरोवर आहे. ती धून जशी चढत जाते तशी लढाई चढत जाते.

रानवारा
तान्या दि ईव्हल कुणी लिहिलं नाही. नायिका तान्या सैन्यात असते, पण तिला मागे, सुरक्षित ऑफिसात बसायचं असतं. तुकडी उभी करायचा हुकूम येतो, ती निवड इतकी कठीण ठेवते की कुणी टिकणारच नाही आणि लोक टिकतात! हसले खूप. पण ती इतरांचा जीव वाचावा म्हणून युद्ध टाळत नाही, स्वतःचा वाचावा म्हणून. त्यामुळे यांगच्या पंगतीत मी तिला बसवणार नाही.

वऱ्हाडकर
या बॉय कोंगमिंग राहिलं. २०२२. चीनमधल्या तीन राज्यांच्या काळातला रणनीतीकार झूगे लियांग (म्हणजेच कोंगमिंग) मरताना म्हणतो की पुढचा जन्म शांततेत मिळू दे आणि डोळे उघडतो तो टोकियोत, शिबुयामध्ये, हॅलोविनच्या गर्दीत. सगळ्यांना वाटतं काय झकास वेष केलाय. मग एका होतकरू गायिकेचा सल्लागार होतो. दगडांच्या चक्रव्यूहाची जुनी युक्ती वापरून प्रेक्षकांना तिच्या गाण्याच्या हॉलमध्ये अडकवून ठेवतो! रक्ताचा थेंब नाही. बायको ॲनिमे बघत नाही, पण हे तिने माझ्याआधी संपवलं.

खिडकीजवळ
नवीन आहे. गॅलॅक्टिक हीरोज कुठून सुरू करू? ११० भाग बघून धडकी भरली.

फौजीची बायको
आधी तो बोलेरोवाला चित्रपट, मग सरळ पहिल्या भागापासून. पहिल्या काही भागांत नावांचा गोंधळ होतो, होऊ द्या. आणि कळकळीची विनंती, ८२व्या भागाचं शीर्षक आधी वाचू नका. यादी उघडूच नका.

योकोहामातून
आणि निवेदकावर विश्वास ठेवू नका, तो पुढचं फोडतो :)

खिडकीजवळ
धन्यवाद दोघांना. आणि आईला बरोबर बसवायचं असेल तर यातलं कुठलं? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उपशीर्षकं मी वाचून दाखवीन.

निशिगंध
पोचले पेणला. आईंना अर्स्लान दाखव. २५ भाग आहेत, मग आवडलं तर पुढचे ८. माणसं कमी, चेहरे मोठे, गोष्ट सरळ.

हत्तीचा माहूत
आणि हत्ती आहेत.

खिडकीजवळ
हत्ती आहेत म्हटल्यावर आई बघणारच. आजपासून सुरू.