देकोतोरा: गोदामाच्या फाटकातून आत घ्यावा की नाही?

वाटसरू: जपानमध्ये दिव्यांनी, चकचकीत पत्र्यांनी मढवलेल्या मालट्रकला 'देकोतोरा' म्हणतात, डेकोरेशन आणि ट्रक या शब्दांची सांगड. आता अनेक ठिकाणी माल उतरवायलाही तो आत घेत नाहीत. मला हे पटत नाही. ही राबणाऱ्या माणसांची कला आहे. मूळ बहुधा ईशान्येच्या तोहोकू भागातल्या मासळीच्या ट्रकांत. खारं पाणी गळून अंगाचा पत्रा सडायचा, म्हणून वरून स्टेनलेस स्टीलचा ठोकला. तो चकाकला, मग त्यावर दिवे चढले. केबिनच्या माथ्यावर नाव लिहिलेली उजळती पेटी, तिला 'आंदोन' म्हणतात. मागच्या खोक्यावर एअरब्रशने रंगवलेला ड्रॅगन. आत मखमल आणि चक्क झुंबर! १९७५ ते १९७९ मध्ये तोएई या चित्रपट कंपनीचे 'तोराक्कु यारो' मालिकेतले १० चित्रपट आले, आणि त्यातला नट बुन्ता सुगावाराच्या 'इचिबानबोशी' नावाच्या ट्रकमुळे हे वेड देशभर गेलं.

रातपाळी: कला आहे, मान्य. पण मी रात्री गाडी चालवतो. समोरून रंगीबेरंगी दिव्यांची भिंत आली की ट्रकची कड कुठे संपते तेच कळत नाही. पुढे लाल दिवा असेल तर तो येतोय की जातोय, याचाही गोंधळ. 'शाकेन', म्हणजे गाड्यांची ठरावीक काळाने होणारी सक्तीची तपासणी, उगाच ठेवलेली नाही.

वाटसरू: नियम मोडा असं मी म्हटलेलंच नाही. बरेच जण सगळे दिवे मेळाव्यात, ट्रक उभा असतानाच लावतात. 'उतामारो-काई' ही त्यांची संघटना मेळाव्यांतून मदतनिधी गोळा करते. २०११ च्या त्सुनामीनंतर हीच मंडळी मदत घेऊन धावली.

कडेलोट: मदत केली म्हणून ट्रकच्या पुढे लांब काढलेला बंपर आखूड होत नाही! शिवाय एकूण वजनाची मर्यादा असते. जितका पत्रा चढवाल तितका माल कमी. ट्रक स्वतःचा असेल तर नुकसान ज्याचं त्याचं, पण माल पाठवणाऱ्याने का सोसायचं?

वाटसरू: कमी माल, कमी भाडं, हिशेब सरळ आहे. फाटकावर मात्र वजन कोणी बघत नाही, रूप बघूनच परत पाठवतात. 'बोसोझोकू' म्हणतात त्या दंगेखोर पोरांच्या मोटरसायकल टोळ्या आणि हे ट्रकवाले लोकांच्या डोक्यात एकच झालेत, त्याचा हा परिणाम.

रातपाळी: तळावर तो रात्रभर झगमगू दे, मी स्वतः थांबून बघेन. चाक फिरलं की जास्तीचे दिवे बंद, एवढंच माझं म्हणणं.

वाटसरू: कबूल. मग दिवे बंद करून आलेल्या ट्रकला तरी फाटक उघडतील का?