छोट्या चेनसॉमधलं ‘नवं’ इंजिन : खरंच वेगळं असतं का?

प्रश्न : दापोलीचा बागायतदार

नमस्कार मंडळी. दापोलीजवळ आमची हापूसची बाग आहे, बरीचशी कलमं आजोबांच्या हातची. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात अकरा झाडं आडवी झाली, ती भाड्याच्या मशीनने कापून काढली. आता उरलेल्या जुन्या कलमांची उंची दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरवायची आहे, म्हणून स्वतःची छोटी चेनसॉ घ्यायचं ठरवलंय.

दुकानात दोन दाखवल्या. दोन्ही 32 सीसीच्या आसपास, दोन्हींना 14 इंची बार (साखळी फिरते ती पट्टी). एक साताठ हजारांनी महाग आणि हातात घेतली तर थोडी जडही. दुकानदार म्हणाला, हिचं इंजिन नव्या पद्धतीचं आहे, पेट्रोल कमी खातं. ते कसं, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक, हलणारं एवढंच. त्यात नवं काय करणार? कोणी उघडून पाहिलंय का?

उत्तर : कणकवलीचा मेकॅनिक

दादा, फरक खरा आहे आणि तो डोळ्यांना दिसतो. सतरा वर्षं चेनसॉ आणि ग्रासकटर दुरुस्त करतोय. आज सकाळीच असं एक इंजिन बाकड्यावर उघडलंय, ते समोर ठेवूनच लिहितो.

आधी जुन्याचं दुखणं. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनच वरखाली जाताना सिलिंडरच्या भिंतीतली पोर्ट, म्हणजे भोकं, उघडतो आणि झाकतो. खाली येताना आधी धुराचं पोर्ट उघडतं, मागोमाग बाजूची ट्रान्सफर पोर्ट. क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीत, दाबलं गेलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण तिथून वर उसळतं आणि जळका धूर बाहेर ढकलतं. घोळ इथेच होतो. धूर ढकलतंय ते ताजं मिश्रण, आणि त्याच वेळी समोर सायलेन्सरचं दार सताड उघडं. साधारण चौथा हिस्सा पेट्रोल न जळताच निघून जातं. जुनी मशीन दिवसभर चालवली की शर्टाला कच्च्या पेट्रोलचा वास येतो ना, ते हेच पेट्रोल.

नव्या इंजिनात धूर ढकलायचं काम नुसत्या हवेला दिलंय. माझ्यासमोरच्या पिस्टनला दोन्ही अंगांना खिडक्या आहेत, अंगठ्याचं पेर मावेल एवढ्या. पिस्टन वर गेला की खाली क्रँककेसमध्ये ओढ तयार होते. त्या ओढीने मिश्रण नेहमीच्या वाटेने क्रँककेसमध्ये शिरतं. त्याच वेळी या खिडक्या हवेच्या वेगळ्या वाटेसमोर येतात आणि स्वच्छ हवा ट्रान्सफरच्या नळ्यांत (क्रँककेसमधून ट्रान्सफर पोर्टकडे जाणाऱ्या वाटांत) वरच्या तोंडाकडून भरते. म्हणजे नळीत वर हवा, तिच्या मागे मिश्रण. पिस्टन खाली आला, पोर्ट उघडलं, की पहिली हवा आत येते आणि धूर हाकलते. बाहेर सांडलीच तर ती हवा सांडते. पेट्रोल पोचेपर्यंत पिस्टन परत वर निघालेला असतो.

चेनसॉ बनवणाऱ्या कंपन्यांपैकी स्टिलवाले याला 2-मिक्स म्हणतात, हस्कवर्नावाले एक्स-टॉर्क. दोघेही 20 टक्क्यांपर्यंत इंधन वाचतं असं सांगतात. माझ्याकडच्या गिऱ्हाइकांचंही म्हणणं हेच, की टाकी भरायला कमी वेळा थांबावं लागतं.

आता दुसरी बाजू. हवेच्या जादा वाटांमुळे सिलिंडर मोठा होतो, वजन थोडं वाढतं. रेस दाबल्यावर उचल किंचित मऊ लागते, फांदीला टेकवायच्या आधी क्षणभर थांबावं लागतं. आणि कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) ते सिलिंडर जोडणारी रबरी नळी इथे दुपदरी असते, मधे पडदी, एक वाट मिश्रणाची, एक हवेची. ही नळी चिरली की गंमत संपली. गेल्या चैत्रात एक मशीन आली. आधी कुठल्यातरी दुकानात नेली होती, तिथे चिरलेल्या नळीकडे न बघता आयडलिंगचा स्क्रू फिरवून दिला होता. जादा हवा ओढून इंजिन कोरडं चालत राहिलं. पिस्टनवर धुराच्या अंगाला उभे ओरखडे, रिंग खाचेत चिकटलेली. चार महिन्यांची मशीन होती ती. मालक गरीब माणूस, काजूच्या फांद्या तोडून पोट भरणारा. फार वाईट वाटलं.

उत्तर : पुण्याचा इंजिनवाला

मेकॅनिकभाऊ, इतकं स्वच्छ मला कॉलेजात कोणी समजावलं नव्हतं. मी फक्त हे का घडलं तेवढं सांगतो.

हे प्रदूषणाच्या नियमांमुळे झालं. अमेरिकेत 20 ते 50 सीसीच्या हातात धरायच्या इंजिनांना पहिल्या टप्प्यात हायड्रोकार्बनची, म्हणजे न जळलेल्या पेट्रोलची, मर्यादा किलोवॉट-तासाला 241 ग्रॅम होती. दुसऱ्या टप्प्यात हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड दोन्ही धरून 50 ग्रॅम. युरोपातही या आकाराला 50 चाच आकडा आला. चौथा हिस्सा पेट्रोल कच्चं सोडणारं इंजिन यात बसणं शक्यच नव्हतं. मग कोणी सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट घातला, पण तो भयंकर तापतो. होंडाने 25 सीसीचं फोर-स्ट्रोक काढलं, कसंही आडवंतिडवं धरलं तरी चालणारं, पण ते गवत कापायच्या मशीनला जास्त शोभतं. चेनसॉला वजन कमी आणि फेरे जास्त लागतात, म्हणून तिथे हवेचा थर पुढे पाठवायची युक्ती टिकली.

याच्या पुढची पायरी म्हणजे 2019 ची स्टिलची एमएस 500आय. इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शनची (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल मोजून सोडणारी) जगातली पहिली चेनसॉ, 79.2 सीसी, 5 किलोवॉट. बागेच्या कामाची नाही, पण वाट कुठे चाललीय ते कळतं.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आता दोन शंका. दुकानात मशीन न उघडता ओळखायचं कसं? आणि पंपावर हल्ली 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने या इंजिनाचं काही बिघडतं का?

उत्तर : कणकवलीचा मेकॅनिक

ओळखणं सोपं आहे. दुकानदाराला वरचं झाकण उघडून एअर फिल्टर काढायला सांगा. मोबाइलची बॅटरी लावून आत बघा. साध्या मशीनला कार्बोरेटरचं एकच तोंड दिसेल. नव्या पद्धतीच्या इंजिनाला हवेची जादा वाट दिसते, कुठे शेजारी दुसरं तोंड, कुठे एकाच तोंडात मधली पडदी.

इथेनॉलचा त्रास जुन्या-नव्या दोन्ही इंजिनांना सारखाच. चेनसॉच्या कार्बोरेटरमध्ये मोटरसायकलसारखा फ्लोट नसतो, पातळ पडदे असतात, म्हणून तर ती कशीही फिरवली तरी बंद पडत नाही. नवा पडदा बोटांत मऊ लागतो. पावसाळाभर पेट्रोल टाकीत राहिलेल्या मशीनचा पडदा काढला तर पापडासारखा कडकडतो. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओलाव्याला काय कमी? मिरगाआधी टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मिश्रण लागेल तेवढंच बनवा, लिटरला 20 मिली चांगलं टू-स्ट्रोक ऑइल, म्हणजे 50 ला 1. नव्या इंजिनात पुढे येणाऱ्या हवेत तेलाचा थेंब नसतो, सगळं वंगण मागच्या मिश्रणातूनच मिळतं. त्यामुळे इथे अंदाजपंचे चालणार नाही, मापाची बाटली घ्या.

फिल्टर रोज झटका. आंब्याचा भुसा पिठासारखा बसतो.

तुमचं काम दोन-तीन वर्षं चालणार आहे, तेव्हा महागडी घ्या असंच सांगेन. वर्षातून दोन दिवस लाकडं फोडायची असती तर साधी पुरे म्हणालो असतो. आणि कळकळीची विनंती, झाडावर चढून एका हाताने चालवू नका. उंचावरच्या फांद्यांना लांब दांड्याची वेगळी मशीन मिळते, ती भाड्याने आणा.

प्रश्नकर्ता

काल जाऊन आलो. फिल्टर काढून पाहिला. स्वस्त मशीनला एक तोंड, महागडीला दोन, अगदी तुम्ही सांगितलंत तसं. दुकानदारही वाकून बघत होते, त्यांनीही ते पहिल्यांदाच पाहिलं. महागडी घेतली. आज विहिरीकडच्या कलमाच्या तीन फांद्या उतरवल्या आणि कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावून घेतली. उचल मऊ आहे हे खरं, पण तासाभरात हाताला सवय झाली. दुपदरी नळी एक जादा मागवून ठेवलीय.